बावीस क्रेडिटचं सत्र कसं उभं करायचं: नव्या शैक्षणिक धोरणात कॉलेजच्या विभागासाठी कामाची मांडणी

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला केंद्राने २९ जुलै २०२० रोजी मंजुरी दिली. महाराष्ट्रात त्याची क्रेडिटची चौकट २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने आली. विद्यापीठांचे विभाग आणि स्वायत्त महाविद्यालयं २०२३-२४ पासून, तर संलग्न महाविद्यालयं २०२४-२५ पासून तिच्यात उतरली. तालुक्याच्या गावातल्या संलग्न कॉलेजची पहिली तुकडी २०२६-२७ मध्ये तिसऱ्या वर्षात असेल आणि २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षाचा प्रश्न दारात उभा राहील. पुढचं सगळं अशा कॉलेजच्या विभागप्रमुखांसाठी आणि टाइमटेबल समितीवर नाव लागलेल्या प्राध्यापकांसाठी आहे.

ज्ञानाधिष्ठित समाज, बहुविद्याशाखीय शिक्षण, लवचिकता हे धोरणातले मोठे शब्द विभागात पोहोचेपर्यंत एकाच मापात येतात. ते माप म्हणजे क्रेडिट, मराठी परिपत्रकांतला श्रेयांक. आणि क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याने खरोखर काम केलेले तास. ते तास खरे भरले तर पदवीला वजन येतं. नाही भरले तर जुनाच अभ्यासक्रम नव्या नावांनी छापला जातो आणि विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवर विषयांची रांग तेवढी वाढते. म्हणून पहिलं काम तास मोजण्याचं.

तासांचा हिशेब

एका सत्राला २२ क्रेडिट, वर्षाला ४४, तीन वर्षांच्या पदवीला १३२, चार वर्षांच्या ऑनर्सला १७६. या २२ मध्ये मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडीचा विषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला निवडीचा विषय), कौशल्याचे विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, फील्ड प्रोजेक्ट, ओजेटी (प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण) असे खण असतात. कोणत्या सत्रात कोणता खण किती मोठा, हे विद्यापीठागणिक थोडं बदलतं. पहिल्या वर्षाच्या मांडणीत तर बराच फरक आहे. शेजारच्या जिल्ह्यातल्या कॉलेजचा तक्ता उचलून आणू नका. आपल्या विद्यापीठाचं ताजं परिपत्रक प्रिंट काढून भिंतीवर लावा आणि त्यावर तारीख लिहा. सुधारित परिपत्रकं येत राहतात आणि विभागात दोन आवृत्त्या फिरू लागल्या की घोळ होतो.

थिअरीच्या एका क्रेडिटला सत्रभरात १५ तास शिकवायचं, प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला ३० तास. हे शिक्षकाच्या बाजूचं मोजमाप झालं. राष्ट्रीय क्रेडिट आराखडा विद्यार्थ्याच्या बाजूने मोजतो: एक क्रेडिट म्हणजे वर्गातलं आणि वर्गाबाहेरचं मिळून ३० तासांचं शिकणं. म्हणजे थिअरीत १५ तास वर्गात बसल्यावर आणखी १५ तास वाचन, लेखन, गणितं सोडवणं अपेक्षित आहे.

आता २२ ला ३० ने गुणा. ६६० तास. पंधरा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला ४४ तास होतात. पहाटेच्या एसटीने निघणाऱ्या आणि दुपारनंतर घरी जाऊन जनावरांचं बघणाऱ्या मुलीसाठी हा आकडा फार मोठा आहे. त्यात प्रत्येक शिक्षकाने आपापला स्वाध्याय आपापल्या सोयीने दिला, तर एकाच आठवड्यात पाच स्वाध्याय पडतात आणि पुढचे तीन आठवडे कोरडे जातात. यावर उपाय सोपा आहे. एका सत्राच्या सगळ्या विषयांचा मिळून एकच तक्ता करा: उभे रकाने १५ आठवड्यांचे, आडव्या ओळी विषयांच्या. प्रत्येक शिक्षकाने आपला स्वाध्याय ज्या आठवड्यात द्यायचा तिथे अपेक्षित तास लिहायचे. कोणत्याही आठवड्याची वर्गाबाहेरची बेरीज १५ च्या वर गेली की कुणीतरी पुढे सरकायचं.

दुसरी चूक तासिकेच्या लांबीची. टाइमटेबलमध्ये तासिका ४८ मिनिटांची असेल आणि ४ क्रेडिटच्या पेपरला आठवड्याला चारच तासिका लावल्या असतील, तर सत्रभरात ६० तासिका होतात, ६० तास होत नाहीत. भरतात फक्त ४८ तास. ६० तास भरायला ४८ मिनिटांच्या ७५ तासिका लागतात, म्हणजे आठवड्याला पाच. एक तर तासिका ६० मिनिटांची करा, नाहीतर पाचवी तासिका लावा. नॅकच्या, म्हणजे कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, भेटीत हा फरक कुणी विचारेल न विचारेल, पण अभ्यासक्रम शेवटी घाईघाईने का उरकावा लागतो याचं मूळ बहुधा इथेच सापडतं.

पहिल्या सत्रात आणखी एक गळती असते. प्रवेश लांबतात, मध्ये गणपती, मग दिवाळी. कागदावरचे पंधरा आठवडे बाराच भरले तर आठवड्याला चार तासांचा पेपर १२ तासांनी तोकडा पडतो. जूनमध्येच कॅलेंडर घेऊन सुट्ट्या, परीक्षा, युवा महोत्सव यांवर काट मारा आणि उरलेले दिवस मोजा. कमी भरले तर जादा तासिका ऑगस्टमध्ये लावा. ऑक्टोबरमध्ये त्यांना कुणी बसत नाही.

वर्कलोड, म्हणजे शिक्षकांचा अध्यापनाचा भार, याच वेळी काढा. समजा २ क्रेडिटचं प्रात्यक्षिक आहे आणि विद्यार्थी ८० आहेत. ६० तास म्हणजे आठवड्याला ४ तास. वीसच्या चार तुकड्या केल्या तर १६ तास. सहायक प्राध्यापकाचा आठवड्याचा प्रत्यक्ष अध्यापनाचा भारही १६ तासच आहे. एका छोट्या दिसणाऱ्या प्रात्यक्षिकाने एक पूर्ण शिक्षक वापरला. हा हिशेब न करता प्रात्यक्षिकाचे विषय वाढवले की तासिका तत्त्वावरच्या शिक्षकावर भार जातो, त्याची नेमणूक सप्टेंबरमध्ये होते आणि जुलै-ऑगस्टची प्रात्यक्षिकं फक्त जर्नलमध्ये होतात.

ओपन इलेक्टिव्ह: निवड खरी ठेवायची तर

ओपन इलेक्टिव्ह मेजरच्या विद्याशाखेबाहेरचा घ्यायचा असतो. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने कला किंवा वाणिज्यातला, कलेच्या विद्यार्थ्याने विज्ञानातला. या खणावर सगळ्यात जास्त अन्याय होतो, कारण विभागांना वर्कलोड टिकवायचा असतो. मग यादीत दहा विषय छापले जातात आणि प्रवेशाच्या खिडकीवर सांगितलं जातं, ‘हाच घ्या, बाकीचे चालू नाहीत.’ वर्कलोडची काळजी खरी आहे, ती झटकून टाकण्यासारखी नाही. पण विद्यार्थ्याच्या माथी विषय मारून ती फार दिवस सुटत नाही. विभागाने मुलांना हवासा वाटेल असा विषय तयार केला तर वर्कलोड आपोआप येतो. भौतिकशास्त्र विभागाने ‘प्रकाशकी परिचय’ ठेवला तर कलेचा विद्यार्थी का घेईल? ‘घरातली वीज आणि छतावरचं सौर पॅनल’ ठेवला, बिलातला स्थिर आकार, युनिट, टप्पे वाचायला शिकवले, तर घेईल. भौतिकशास्त्र त्यातही तेवढंच शिकवता येतं.

टाइमटेबलमध्ये ओपन इलेक्टिव्हसाठी सगळ्या शाखांना एकच वेळ राखून ठेवा, उदाहरणार्थ मंगळवार आणि गुरुवारची पहिली तासिका. बाकी सगळं टाइमटेबल त्याभोवती बसवा. हे उलट्या क्रमाने केलं की विज्ञानाची प्रात्यक्षिकं आड येतात आणि निवड मरते. विद्यार्थ्याकडून तीन पसंतिक्रम लिहून घ्या, एक नको. वर्गाची कमाल संख्या आधी जाहीर करा. भरलेल्या वर्गातून दुसऱ्या पसंतीवर ढकलताना लॉटरी काढा किंवा अर्जाचा क्रम बघा, पण जे करायचं ते आधी लिहून लावा. पहिल्या दोन आठवड्यांत एकदाच बदल करू द्यायचा. नंतर दिला तर हजेरीपटाचा मेळ बसत नाही.

भारतीय ज्ञानप्रणाली: जवळचं उदाहरण घ्या

बहुतेक ठिकाणी दोन क्रेडिट, म्हणजे तीस तास. त्यात वेदांपासून आयुर्वेदापर्यंत सगळं कोंबलं की मुलं पाठ करून मोकळी होतात. एक किंवा दोन गोष्टी घ्या आणि त्या नीट उलगडा. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण्याला भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद करणारा शिलालेख आहे. गणित विभागाला भास्कराचार्यांच्या लीलावती या गणितग्रंथातली चार उदाहरणं आणि हा शिलालेख एवढ्यावर दहा तासांचं उत्तम काम मिळतं. भूगोलाला पांझरा नदीवरची सिंचनाची जुनी फड पद्धत आहे: बंधारा, पाट, पाण्याच्या पाळ्या आणि पाणी वाटणारा पाटकरी. वाणिज्याला हुंडी, म्हणजे व्यापाऱ्यांची पैसे पाठवायची जुनी चिठ्ठी आहे. इतिहासाला मोडी लिपी आहे, आणि मोडी वाचता येणाऱ्या माणसाला आजही जमिनीच्या जुन्या कागदांसाठी काम मिळतं. जे आपल्या जिल्ह्यात बघता येईल ते निवडा.

फील्ड प्रोजेक्ट: साठ तासांचं खरं काम

फील्ड प्रोजेक्टला दोन क्रेडिट, म्हणजे ६० तास. सगळीकडे बिघडतं ते इथेच. सत्र संपायच्या आठवड्यात विषय दिला जातो, झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल बायंडिंगचे ढीग लागतात आणि दहा अहवालांत तोच परिच्छेद सापडतो. विषय फार मोठा दिला जातो, हे त्याचं कारण. ‘ग्रामीण भागातील पाणीप्रश्न: एक अभ्यास’ या विषयावर साठ तासांत कुणीच काही करू शकत नाही, म्हणून उतरवून काढलं जातं. ‘अमुक गावातल्या वीस विहिरींची ऑक्टोबरमधली पाणीपातळी’ हा विषय द्या. तो कुठून उतरवून मिळत नाही.

हेच उदाहरण पूर्ण करून दाखवतो. पाच विद्यार्थ्यांचा गट, एक गाव, वीस विहिरी. तासांची वाटणी: तयारीला ८, प्रत्यक्ष गावात ३० (सहा तासांच्या पाच फेऱ्या), नोंदी तपासून तक्ते आणि नकाशा करायला १२, अहवाल आणि तोंडी परीक्षेला १०. बेरीज साठ.

साहित्य फार लागत नाही: ३० मीटरचा टेप, टोकाला बांधायला जड नट, मोबाईलचं जीपीएस, छापील नोंदतक्ता, पेन्सिल. टेप विहिरीत सोडायचा, नट पाण्याला टेकला की कठड्याच्या वरच्या कडेला आकडा वाचायचा. दोनदा मोजायचं, दोन वाचनांत दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. मग कठड्याची जमिनीपासूनची उंची वेगळी मोजून वजा करायची. ही वजाबाकी मुलं हमखास विसरतात, आणि एका विहिरीचा कठडा ९० सेंटिमीटर तर दुसरीला कठडाच नाही, अशा वेळी दोन आकड्यांची तुलना निरर्थक होते. म्हणून नोंदतक्त्यात कठड्याच्या उंचीचा रकाना आधीच छापून ठेवा. आकडा लिहिला नाही तर रिकामी जागा डोळ्याला दिसते.

दुसरी चूक मोटारीची. मापाआधी तासभर मोटार चालली असेल तर पातळी खाली गेलेली असते आणि वर यायला बराच वेळ लागतो. शेतीपंपाची वीज पाळीने येते, काही आठवडे दिवसा, काही आठवडे रात्री. त्यामुळे ‘सकाळी लवकर मोजा’ एवढं सांगून भागत नाही. शेतकऱ्याला विचारायचं: या आठवड्यात लाईट कधी असते, मोटार शेवटची कधी बंद केली? उत्तर तक्त्यात लिहायचं. या एका प्रश्नातून विद्यार्थी मोजमापाबद्दल जे शिकतो, ते संशोधन पद्धतीच्या चार व्याख्यानांत येत नाही.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे या महिन्यांत मोजते. आपली फेरी त्याच महिन्यांत ठेवली तर तुलनेला आधार मिळतो. तिसऱ्या सत्रात फील्ड प्रोजेक्ट आणि चौथ्या सत्रात समाजसहभागाचा उपक्रम असेल तर दोन्ही एकाच गावात करा: ऑक्टोबरची मापं तिसऱ्या सत्रात, जानेवारीची चौथ्या सत्रात, आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत एका पानाचा तक्ता गावासमोर मांडायचा. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) डिसेंबरमध्येच पत्र द्या. गावाला आकडे परत देणं हा उपक्रमाचा मुख्य भाग आहे. तो गाळला तर पुढच्या वर्षी त्या गावात मुलांना कुणी उभं करत नाही, आणि ते योग्यच आहे.

सुरक्षेचं लेखी द्या: कठडा नसलेल्या विहिरीजवळ एकट्याने जायचं नाही, टेप धरणाऱ्याच्या मागे दुसरा उभा राहील, मालकाची परवानगी तोंडी का होईना आधी घ्यायची. पालकांचं संमतिपत्र फाईलला लावा.

मराठी, समाजशास्त्र, वाणिज्य या विषयांतही हेच माप वापरा. आठवडी बाजारातली चाळीस दुकानं, त्यांतली किती माल स्वतः पिकवतात, किती व्यापाऱ्याकडून घेतात. किंवा एका गावातली शेतांची आणि बांधांची नावं आणि त्यांमागची कारणं. मोजता येईल, संपवता येईल आणि दुसऱ्याला तपासता येईल असा विषय हवा.

ओजेटी: १२० तास आणि जागा कुठून आणायच्या

ऑन जॉब ट्रेनिंगला चार क्रेडिट, १२० तास. आठ तासांचे पंधरा दिवस किंवा चार तासांचे तीस दिवस. सहाव्या सत्रात ते लावलेलं असेल तर जागा शोधायला जूनमध्ये सुरुवात करा. तिसऱ्या वर्षाला २४० विद्यार्थी असतील आणि एका ठिकाणी चार जण गेले तर साठ ठिकाणं लागतात. एमआयडीसी नसलेल्या तालुक्यात हा आकडा अशक्य वाटतो, पण यादी लिहायला बसलं की जागा निघतात: ग्रामपंचायत, पतसंस्था, दूध संघ, कृषी सेवा केंद्र, बाजार समिती, सीएचं ऑफिस, वकिलाचं ऑफिस, छापखाना, सार्वजनिक ग्रंथालय, रोपवाटिका, माती परीक्षण प्रयोगशाळा, पॅथॉलॉजी लॅब, स्थानिक वृत्तपत्र, माजी विद्यार्थ्यांचे उद्योग.

वेळ त्या त्या ठिकाणाच्या कामाशी जुळवा. पतसंस्थेत मार्चअखेरीला कुणालाही शिकवायला वेळ नसतो, जानेवारी-फेब्रुवारी घ्या. साखर कारखान्यात मात्र गाळप चालू असतानाच पाठवा, बंद कारखान्यात बघण्यासारखं उरत नाही.

करार दोन पानांत बसतो. त्यात एवढं हवंच: विद्यार्थी कोणतं काम करेल, रोजचे तास आणि सुट्टी, तिथे मार्गदर्शन करणाऱ्या माणसाचं नाव आणि पद, गोपनीयतेची अट, अपघात झाल्यास जबाबदारी, आणि विद्यार्थ्याकडून कोणतंही शुल्क घेतलं जाणार नाही हे वाक्य. शेवटचं वाक्य आवर्जून घाला. प्रमाणपत्रासाठी पैसे मागणारी दुकानं ओजेटी सुरू झाल्यावर उगवतातच.

खोटं प्रमाणपत्र ओळखायचं ते रोजच्या डायरीवरून. ‘आज ऑफिसमध्ये कामात मदत केली’ अशी वाक्यं तीस दिवस असतील तर विद्यार्थी तिथे गेला नसण्याची शक्यता मोठी. गेलेल्या विद्यार्थ्याची नोंद अशी दिसते: ‘१४ कर्जप्रकरणांतल्या जामीनदारांची कागदपत्रं यादीशी ताडली. तीन प्रकरणांत उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षाचा निघाला. व्यवस्थापकांना दाखवलं.’ डायरीचा नमुना देताना अशी एक चांगली आणि एक वाईट नोंद शेजारी शेजारी छापा. ग्राहकांची नावं आणि खातेक्रमांक डायरीत लिहायचे नाहीत, हे पहिल्या दिवशी सांगा.

एका शिक्षकाकडे पंधरा ते वीस विद्यार्थी द्या; त्याने प्रत्येक ठिकाणी दोनदा जायचं, एकदा पहिल्या आठवड्यात आणि एकदा शेवटच्या टप्प्यात. प्रवासखर्चाची तरतूद अंदाजपत्रकात आधी करा, नाहीतर भेटी फोनवर होतात. मुलींना ठिकाण देताना घरी परतायची शेवटची एसटी किती वाजता आहे ते विचारूनच तास ठरवा. गुणांची विभागणी विद्यापीठाने मोकळी ठेवली असेल तर शंभरांपैकी ४० ठिकाणच्या मार्गदर्शकाकडे, २० डायरीला, २० अहवालाला, २० तोंडी परीक्षेला अशी ठेवा. सगळे गुण बाहेरच्या मार्गदर्शकाकडे दिले की प्रत्येकाला ९५ मिळतात.

स्वयम् वरचे विषय

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयम् या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणमंचावरून घेता येतात. शिक्षकच नसलेल्या विषयासाठी हा चांगला रस्ता आहे. स्वयम् वरच्या एनपीटीईएलच्या (आयआयटींच्या ऑनलाइन अध्यापन उपक्रमाच्या) विषयांचं साधारण माप असं: ४ आठवडे म्हणजे १ क्रेडिट, ८ आठवडे म्हणजे २, १२ आठवडे म्हणजे ३. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते.

अडचण दोन ठिकाणी येते. विषयाची समकक्षता आधी मंजूर नसते, त्यामुळे विद्यार्थी पास होतो आणि क्रेडिट कुठल्या खणात टाकायचे ते कुणालाच सांगता येत नाही. जुलैच्या सत्रासाठी एप्रिलमध्येच विषयांची यादी मंजुरीला पाठवा. दुसरी अडचण निकालाची. स्वयम् चा निकाल विद्यापीठाच्या निकालानंतर आला तर त्या सत्राची गुणपत्रिका अपुरी दिसते. म्हणून ज्या सत्राला क्रेडिट हवेत त्याच्या एक सत्र आधी विषय पूर्ण करायला सांगा. शेवटच्या सत्रावर तर ठेवूच नका. पदव्युत्तर प्रवेश हुकतो. आणि विषय इंग्रजीत असेल तर आठवड्यातून एक तास मुलांना एकत्र बसवून मराठीतून चर्चा करा. नुसती नोंदणी करून सोडून दिलेली मुलं तिसऱ्या आठवड्यात गळतात.

क्रेडिट बँकेचा आयडी

अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये प्रत्येक विद्यार्थ्याचं खातं असतं आणि त्याला बारा अंकी आयडी मिळतो. आता तोच अपार आयडी म्हणून ओळखला जातो. डिजिलॉकरवरून काढायला दहा मिनिटं पुरतात. पण आपल्याकडे नाव जुळत नाही. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. कुठे वडिलांचं नाव पूर्ण, कुठे फक्त अक्षर. कुठे ‘बाई’ किंवा ‘राव’ लागलेलं. लग्नानंतर आधार बदललेल्या मुलींची अडचण वेगळीच. नाव जुळलं नाही तर परीक्षा विभाग क्रेडिट चढवतो तेव्हा नोंद नाकारली जाते, आणि हे कळतं तिसऱ्या वर्षी.

क्रम असा ठेवा. प्रवेश निश्चित होताना दहावीचं प्रमाणपत्र आणि आधार समोरासमोर ठेवून नाव, जन्मतारीख आणि लिंग तपासा. फरक असेल तर आधी आधार दुरुस्त करून आणायला सांगा, आयडी नंतर. आधारवर नाव दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, म्हणून घाईने अर्धवट दुरुस्ती करू देऊ नका. आयडी विद्यार्थ्याच्या स्वतःच्या मोबाईलवर काढा. सायबर कॅफेवाल्याच्या किंवा मामाच्या नंबरवर काढलेला आयडी नंतर उघडत नाही, मग दुसरा काढायचा प्रयत्न होतो आणि गुंता वाढतो. पहिल्या सत्राचा निकाल लागल्यावर महिनाभराने वर्गातच प्रत्येकाला खातं उघडायला लावा. २२ क्रेडिट दिसले तर ठीक. नाही दिसले त्यांची यादी त्याच दिवशी परीक्षा विभागाकडे द्या. एका सत्राची चूक आठवड्यात सुटते, पाच सत्रांची सुटायला वर्ष जातं.

चौथं वर्ष

तीन वर्षांत १३२ क्रेडिट झाले की पदवी. चौथ्या वर्षी ऑनर्स, किंवा पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक असतील तर संशोधनासह ऑनर्स. संशोधन प्रकल्पाला बारा क्रेडिट, म्हणजे ३६० तास. ते फक्त ग्रंथालयात बसून भरत नाहीत. चार वर्षांची पदवी घेतलेल्याला पदव्युत्तर एका वर्षात करता येते आणि ७५ टक्के असतील तर थेट पीएचडी प्रवेशासाठीही पात्र ठरता येतं, ठरलेल्या प्रवर्गांना सवलत आहे.

पालक विचारतात, ‘एक वर्ष वाढवून काय मिळणार?’ प्रामाणिक उत्तर द्या. संशोधन किंवा परदेशात पुढचं शिक्षण हवं असेल तर उपयोग आहे. स्पर्धा परीक्षा किंवा लगेच नोकरी हवी असेल तर तीन वर्षांची पदवी पुरते. वर्ग भरावा म्हणून सगळ्यांना चौथ्या वर्षात ओढू नका. विभागात मान्यताप्राप्त मार्गदर्शक किती, प्रत्येकाला किती विद्यार्थी नीट सांभाळता येतील, प्रयोगशाळेत किती जागा मोकळ्या, एवढं पाचव्या सत्रातच लिहून काढा आणि त्यानुसार अर्ज करा.

मधेच जाणारा विद्यार्थी

पहिल्या वर्षानंतर ४४ क्रेडिट आणि त्यावर कौशल्याचे वा इंटर्नशिपचे ४ जादा क्रेडिट घेऊन प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षानंतर ८८ आणि तसेच ४ घेऊन पदविका घेऊन बाहेर पडता येतं. परत यायला तीन वर्षांची मुदत आणि पदवी पूर्ण करायला एकूण सात वर्षं. हे ४ जादा क्रेडिट उन्हाळ्यात पूर्ण करायचे असतात, आणि एप्रिलमध्ये विद्यार्थ्याला त्याबद्दल कुणी सांगत नाही म्हणून तो प्रमाणपत्राशिवायच जातो.

जे जाणार असं दिसतं, त्यांना मार्चमध्ये गाठा. बहुतेकदा कारण पैशाचं, लग्नाचं किंवा घरातल्या आजारपणाचं असतं. शिष्यवृत्ती किंवा वेळेच्या सोयीने काही जण थांबू शकतात. जाणाऱ्याच्या हातात एक कागद द्या: क्रेडिट बँकेचा आयडी, जमा क्रेडिट, कोणत्या विषयांचे बाकी, परत यायची शेवटची तारीख, कॉलेजातल्या एका माणसाचं नाव आणि फोन. त्याची प्रत एका वेगळ्या रजिस्टरमध्ये, वर्षवार. आणि ऑफिसमधल्या लिपिकांना हे रजिस्टर कुठल्या कपाटात आहे ते दाखवून ठेवा, कारण तीन वर्षांनी जूनच्या गर्दीत, कडेवर मूल घेऊन आलेली मुलगी खिडकीवर उभी राहून विचारेल की मला दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळेल का, तेव्हा ती ज्या शिक्षकांना ओळखते ते बहुधा बदलून गेलेले असतील.